सनमायका गोल कडेवर वळवताना तडकतो का, आणि काऊंटर टॉप नीट कसा वळवायचा

प्रश्न थोडक्यात असा: औषधाच्या दुकानासाठी 25 मिमी बोर्डाचा काऊंटर करायचा आहे. वर 1 मिमी सनमायका आणि पुढची कड गोल, म्हणजे शीट वरून न जोडता खालपर्यंत वळून गेलेली हवी. हीट गनने वळवताना दोन शीट तडकल्या. उष्णता कमी पडली की हात चुकला?

बहुधा दोन्ही नाही. शीटच चुकीची होती. बाजारात सरसकट मिळणारी 1 मिमी शीट सपाट लावण्यासाठी बनवलेली असते, कितीही तापवली तरी ती 12 मिमी गोलाईवर (म्हणजे 12 मिमी त्रिज्येवर) बसत नाही. वळणारा माल वेगळा मागवावा लागतो. त्याला पोस्टफॉर्मिंग ग्रेड म्हणतात. युरोपीय ईएन 438 मानकाप्रमाणे छापलेल्या लेबलवर तो एचजीपी किंवा व्हीजीपी असा दिसतो, साधा माल एचजीएस किंवा व्हीजीएस असतो. शेवटचं अक्षर पी आहे की एस, एवढं बघितलं तरी अर्धं काम झालं. शीट विकणारा ‘वळतो हो, सगळे वळवतात’ म्हणाला तरी लेबल किंवा कंपनीचा तांत्रिक कागद मागा.

फरक कशाचा? कोणत्याही लॅमिनेटमध्ये, म्हणजे सनमायकासारख्या शीटमध्ये, खाली फिनॉलिक रेझिनमध्ये (तापल्यावर कडक होणाऱ्या राळेत) बुडवलेल्या तपकिरी क्राफ्ट कागदाचे थर असतात, वर मेलामाइन रेझिनमधला छापील कागद असतो. हे सगळं प्रेसमध्ये साधारण 120 ते 150 अंश सेल्सिअस तापमानाला, मोठ्या दाबाखाली एकजीव होतं. साध्या शीटमध्ये रेझिन पूर्ण पक्कं होऊ देतात, त्यामुळे पृष्ठभाग कडक आणि टिकाऊ होतो, पण ताणला की फुटतो. पोस्टफॉर्मिंग मालात रेझिनमध्ये लवचीकपणासाठी बदल केलेले असतात, खालचा कागद ताण सोसणारा घेतात आणि प्रेसमध्ये रेझिन थोडं कमी पकवतात. हे उरलेलं पकणं शीट दुसऱ्यांदा तापते तेव्हा, म्हणजे तुमच्या कार्यशाळेत, पुरं होतं. म्हणून हे चिक्कीसारखं नाही. चिक्की पुन्हा तापवली की पुन्हा मऊ होते. ही शीट प्रत्येक तापवण्यात आणखी पक्की होते, त्यामुळे दुसरा प्रयत्न पहिल्यापेक्षा वाईटच जातो. ह्याच कारणाने पत्र्याच्या शेडखाली उन्हाळाभर पडून राहिलेला पोस्टफॉर्मिंग मालसुद्धा वळायचा बंद होतो. तारीख विचारून ताजा माल घ्या.

आता गोलाईचं गणित. 1 मिमी शीट 12 मिमी गोलाईच्या कडेवर वळली की शीटचा मधला थर 12.5 मिमीवर राहतो आणि वरचा पृष्ठभाग 13 वर. म्हणजे छापील थर सुमारे 4 टक्के ताणला जातो. गोलाई 6 मिमी केली तर हाच ताण पावणेआठ टक्क्यांच्या आसपास जातो. पक्कं झालेलं मेलामाइन इतका ताण सोसत नाही. ईएन 438 मध्ये पोस्टफॉर्मिंग शीटसाठी मर्यादा दिली आहे: बाक शीटच्या रेषेला (ही रेष कशी ओळखायची ते पुढे येतं) समांतर असेल तर गोलाई जाडीच्या 10 पट, आडवा असेल तर 20 पट. 1 मिमी शीटला समांतर बाकात 10 मिमी, आडव्या बाकात 20 मिमी. ही प्रयोगशाळेतली किमान मर्यादा आहे. हाताने काम करताना 1 मिमीसाठी 12 मिमीच्या खाली जाऊ नये, आणि गडद एकरंगी किंवा मेटॅलिक शीटसाठी आणखी थोडं सैल ठेवावं.

शीटची रेष म्हणजे कारखान्यात कागद ज्या दिशेने सरकला ती दिशा. 8 बाय 4 च्या शीटमध्ये ती बहुतेक वेळा 8 फुटांच्या बाजूने असते. शीट उलटी करून मागच्या घासल्याच्या खुणा पाहा, त्या सहसा त्याच दिशेने जातात. कागद रेषेला आडव्या दिशेने जास्त ताणतो, म्हणून काऊंटरची लांबी आणि शीटची रेष एकाच दिशेला हवी. लाकडी छाप असेल तर छापाच्या उभ्याआडव्यावर भुलू नका, मागची बाजू बघून ठरवा.

ह्यातून एक गोष्ट निघते जी ग्राहकाला आधीच सांगावी. पुढची कड आणि बाजूची कड दोन्ही गोल, आणि कोपऱ्यावरही शीट सलग, असं होत नाही. शीट एका वेळी एकाच दिशेला वळते. बाजूच्या टोकाला वेगळी पट्टी लागणारच.

शीट कापण्याआधी मोजमाप असं काढा. समजा काऊंटर 600 मिमी खोल, बोर्ड 25 मिमी, पुढची कड पूर्ण अर्धगोल, म्हणजे गोलाई 12.5. सपाट भाग 586.5, अर्धगोलाची लांबी मधल्या थरावर मोजली तर 13 गुणिले 3.14, म्हणजे 41, खाली वळून 25, छाटायला 5. एकूण साधारण 657 मिमी. 1220 रुंदीच्या शीटमधून अशी एकच पट्टी निघते, उरलेल्या 560 मधून मागची उभी पट्टी किंवा बॅकर (बोर्डाच्या खालच्या बाजूला लावायची शीट) काढावी लागते. कड फक्त वरून गोल केली, खाली सरळ उतरली, तर गरज 624 च्या आसपास येते, तरीही एका शीटमधून दोन निघत नाहीत. दोन काढायच्याच असतील तर काऊंटरची खोली 580 पर्यंत आणावी लागते. दुकानाच्या काऊंटरला 580 पुरतं, आणि दोन काऊंटर असतील तर शीटचा खर्च निम्मा होतो. हे गणित ऑर्डर घेतानाच करा, शीट आल्यावर नाही. बोर्ड 18 मिमी असेल तर पूर्ण अर्धगोलाची गोलाई 9 मिमीच उरते. तिथे 0.8 मिमीची पोस्टफॉर्मिंग शीट घ्यावी, 1 मिमी नको.

बोर्डाकडे यायचं तर गोल कडेसाठी एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) किंवा एचडीएचएमआर (त्याचाच जास्त घट्ट, ओलावा सोसणारा प्रकार) सगळ्यात बरा. कड राऊटरने (फिरत्या बिटने कड कोरणाऱ्या यंत्राने) गोल केल्यावर गुळगुळीत येते. प्लायच्या कडेला आतल्या थरांत पोकळी असते, नेमक्या पोकळीवर शीट दबते किंवा तडकते. प्लायच वापरायचा असेल तर पुढे 40-50 मिमीची एमडीएफची पट्टी चिकटवून तिच्यावर गोलाई काढा. पार्टिकल बोर्डाची कड खडबडीत राहते आणि चकचकीत शीटमधून प्रत्येक दाणा दिसतो. कड 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, पण हाताने घासताना गोलाई चपटी होऊ देऊ नका. सपाट भाग जिथे संपतो आणि बाक सुरू होतो तिथे जरा जरी धार राहिली तरी शीट नेमकी त्याच रेषेवर फुटते.

बोर्ड आणि शीट दोन्ही कामाच्या जागी किमान 48 तास शेजारी ठेवा. लॅमिनेट दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, आणि रेषेच्या आडव्या दिशेने हा फरक लांबीच्या जवळजवळ दुप्पट असतो. कोकणातल्या जुलैमधली ओली शीट एसी दुकानात थेट लावली की काही आठवड्यांत जोड उघडतात. ओलाव्याचा दुसरा त्रास तापवताना होतो: आतल्या पाण्याची वाफ होते आणि फोड येतात. उलट अगदी वाळलेली शीट ठिसूळ असते. शीट भिंतीला टेकवून उभ्या ठेवू नका. आडव्या, छापील बाजू छापील बाजूला लावून, वर एखादा बोर्ड ठेवून साठवा.

आता तापवणं. बहुतेक पोस्टफॉर्मिंग शीटचं वळण्याचं तापमान 160 अंशांच्या आसपास असतं. 163 हा आकडा अनेक कंपन्यांच्या कागदांवर दिसतो. 150 च्या खाली शीट वळताना तडकते, 190 च्या पुढे बहुतेक मालात फोड येऊ लागतात. मधल्या चाळीसेक अंशांत सगळं काम. किती वेळात तिथे पोहोचता हेही तितकंच महत्त्वाचं आहे. मिनिटभराच्या आतच पोहोचायला हवं. दोन-तीन मिनिटं सावकाश तापवत राहिलात तर रेझिन पकत जातं आणि 160 ला पोहोचेपर्यंत शीट वळण्यापलीकडे गेलेली असते. हीट गनचा मूळ दोष हाच. ती एका वेळी हातभर जागा तापवते. पुढच्या टोकाला पोहोचेपर्यंत मागचं टोक गार झालेलं असतं, मग परत फिरून तापवावं लागतं, आणि प्रत्येक फेरीत शीट थोडी अधिक कडक होते. 300-400 मिमीच्या तुकड्याला हीट गन चालते. 8 फुटांच्या कडेला पूर्ण लांबी एकदम तापवणारा क्वार्ट्झ किंवा इन्फ्रारेड रॉडचा हीटर हवा, आणि तो शीटपेक्षा दोन्ही बाजूंना शंभरेक मिमी लांब असावा. टोकं आधी गार पडतात, म्हणून तडे बहुधा टोकांपासून सुरू होतात. शीट दोन्ही टोकांना 25 मिमी जास्त ठेवून नंतर छाटणं हा त्यावरचा स्वस्त उपाय.

तापमान अंदाजाने घेऊ नका. इन्फ्रारेड थर्मामीटर पुरेसा आहे, किंवा ठराविक तापमानाला वितळणारा खडू. शीटवरची संरक्षक फिल्म तापवायच्या आधी काढा. पूर्ण कामाआधी त्याच शीटमधून 300 बाय 100 चे पाच-सहा तुकडे कापून 150, 160 आणि 170 ला वळवून पाहा. एक तुकडा मुद्दाम आडव्या रेषेने वळवा, म्हणजे दिशेचा फरक डोळ्यांना दिसेल. किती सेकंद लागले ते बोर्डावरच पेन्सिलीने लिहून ठेवा.

चिकटवायला दोन पद्धती. प्रेस असेल तर सपाट भाग पांढऱ्या फेविकॉलवर दाबायचा, कडेपाशी गोंद थांबवायचा आणि कड वेगळी करायची. प्रेस नसेल तर सगळीकडे रबर-बेस कॉन्टॅक्ट अॅडेसिव्ह, उष्णता सोसणाऱ्या प्रकारचं. शीटच्या मागे आणि बोर्डावर दोन्हीकडे पातळ, एकसारखा थर द्या. एमडीएफची राऊटर केलेली कड गोंद शोषून घेते, म्हणून तिथे पहिला थर सुकल्यावर दुसरा द्या. बोट लावल्यावर चिकटपणा जाणवावा पण तार निघू नये, इतकं सुकू द्या. हवेप्रमाणे 10 ते 20 मिनिटं लागतात, पावसाळ्यात जास्त. घाई केली की गोंदातलं द्रावक आत अडकतं आणि तापवताना फोड आणतं. शिवाय त्या द्रावकाची वाफ पेट घेते. गोंद पूर्ण सुकल्याशिवाय आणि खोलीतली हवा बदलल्याशिवाय हीटर सुरू करू नका, जवळ बिडी-सिगारेटही नको.

शीट ठेवताना मध्ये लाकडाच्या बारीक पट्ट्या ठेवा, कारण गोंदाला गोंद लागला की हलवता येत नाही. मागच्या कडेपासून रेषेत बसवा, एकेक पट्टी काढत मधून बाहेर रोलरने दाबत या आणि बाक सुरू होण्याच्या रेषेवर थांबा. पुढे लटकणारी 70 मिमीची पट्टी खालून आधार देऊन सरळ ठेवा. मग बाकाच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना साधारण 10 मिमी जास्त पट्टा तापवा. तापमान आलं की हीटर बाजूला करा आणि जाड कापड किंवा गालिचा गुंडाळलेल्या, कडेच्या पूर्ण लांबीच्या पट्टीने वरून खाली एका दमात, न थांबता वळवा. दोन माणसं हवीत, दोघांचा वेग सारखा हवा. शीट बोर्डाला टेकली की बोर्ड तिची उष्णता ओढून घेतो, मग काही सेकंदच हातात असतात. डिसेंबरच्या पहाटे गारठलेल्या बोर्डावर हे सेकंद आणखी कमी होतात. बोर्ड आधी खोलीच्या तापमानाला आणावा. वळवल्यावर खालची बाजू क्लॅम्पने धरून हात सहज टेकवता येईल इतकं गार होऊ द्या. आधीच सोडलं तर शीट किंचित उघडते आणि कडेच्या पोटात पोकळी राहते. नखाने टिचकी मारली की आवाजात फरक कळतो.

बिघाड पाहून कारण ओळखता येतं. बाकावर लांबीच्या दिशेने सरळ, स्वच्छ तडा म्हणजे तापमान कमी, किंवा शीट साधी, किंवा जुनी. केसाएवढ्या बारीक रेषांचं जाळं म्हणजे तापवायला फार वेळ घेतला, किंवा गोलाई फार लहान. फोड म्हणजे जास्त उष्णता किंवा ओलावा. गडद शीटवर पांढरट झाक आली तर ताण मर्यादेजवळ गेला आहे. तो भाग कालांतराने तडकण्याची शक्यता धरून चाला. ठराविक अंतरावर उंचवटे दिसत असतील तर राऊटर थांबत-थांबत चालला आणि कड लाटांसारखी झाली. महिन्याभरात खालचं टोक सुटलं तर गोंदाचा दुसरा थर राहिला किंवा क्लॅम्प लवकर काढला.

खालच्या बाजूला बॅकर शीट लावणं टाळू नका. एकाच बाजूला लॅमिनेट असलेला बोर्ड ऋतू बदलला की धनुष्य होतो, आणि काऊंटर पुढे 200-250 मिमी अधांतरी असेल तर आणखी लवकर. बॅकर स्वस्त चालते, पण तिची रेष वरच्या शीटच्या रेषेच्याच दिशेने हवी.

छाटणी ट्रिमरने (लहान राऊटरने), बेअरिंगवाल्या बिटने. शीट कडेबाहेर एक सूत, म्हणजे 3 मिमीच्या आसपास ठेवली की पुरते. जास्त ठेवली की बिट तापून कड काळी पडते. बेअरिंग जिथे आधीच लावलेल्या शीटवर फिरणार असेल तिथे थोडं व्हॅसलीन लावा. शेवटचा हात कानशीचा, आणि कानस नेहमी शीटकडून बोर्डाकडे ढकलायची. उलट ओढली की कडेचे कपचे उडतात. बाजूच्या टोकाला कडेच्या आकाराची पट्टी आधी कापून, 2-3 मिमी मोठी ठेवून चिकटवा आणि मग कानशीने आकारात आणा.

सिंक किंवा वायर जाण्यासाठी कटआउट करताना आतले कोपरे कधीही काटकोनी ठेवू नका. चारही कोपऱ्यांवर आधी 12 मिमीचं भोक पाडा, मग भोकापासून भोकापर्यंत कापा. काटकोनात सगळा ताण एका बिंदूवर येतो आणि तिथून निघालेला तडा तिरका काऊंटरभर जातो. जिगसॉ वरून चालवत असाल तर दातांचं तोंड खाली असलेली ब्लेड घ्या, नाहीतर छापील बाजूचे टवके निघतात. कापलेल्या बोर्डाची उघडी कड पीयू वार्निशने दोनदा बंद करा आणि सिंकच्या काठाखाली सिलिकॉन भरा. लॅमिनेटवर पाणी सांडल्याने काही होत नाही. काऊंटर सडतात ते ह्या उघड्या कडेतून आत गेलेल्या पाण्याने. जोड सिंकजवळ आणू नका.

एल आकाराचा काऊंटर असेल तर गोल कडेमुळे जोड साधा सरळ लागत नाही. ब्रिटनमध्ये 38 मिमी जाड, 600 रुंद तयार पोस्टफॉर्म पट्ट्या मिळतात. तिथले कारागीर एका पट्टीच्या गोल कडेचा छोटासा तुकडा 45 अंशांत कापतात, दुसरी तितकीच तिरकी करून तिच्यात बसवतात, उरलेला जोड सरळ ठेवतात आणि खालून बोल्ट आवळतात. त्यासाठी जिग (साचा), 12.7 मिमी बिट आणि 30 मिमी गाइड बुश (राऊटरला साच्याच्या वाटेत धरणारी कडी) वापरतात. राऊटर नेहमी गोल कडेत आत शिरेल अशा दिशेने चालवायचा, बाहेर पडताना चालवला की वळलेल्या शीटचे कपचे निघतात. आपल्याकडे पूर्ण 45 अंशांचा जोड जास्त दिसतो. तो करायचा असेल तर भिंतींचा कोन आधी मोजा. 90 ऐवजी 92 अंशांच्या भिंतीत पूर्ण तिरका जोड मागे किंवा पुढे उघडाच राहतो. जोडाच्या दोन्ही तोंडांना सीलंट लावून मगच बोल्ट आवळा.

तुमच्या कामापुरतं सांगायचं तर एकच काऊंटर असेल आणि रॉड हीटर नसेल, तर पोस्टफॉर्मिंगचा नाद सोडा. जवळच्या मॉड्युलर फर्निचरच्या कारखान्यातून कड वळवून तयार टॉप आणा आणि साइटवर फक्त टोकं, कटआउट आणि जोड करा. नाहीतर साधीच शीट सपाट लावून पुढे 2 मिमी पीव्हीसी एज बँड (कडेला चिकटवायची प्लास्टिकची पट्टी) मारा आणि त्याची धार 2 मिमी गोल करा. औषधाच्या दुकानात, जिथे कडेवर दिवसभर ग्राहकांचे हात आणि पिशव्या घासतात, तिथे हा बँड चांगला टिकतो, आणि खराब झाला तर पूर्ण टॉप न बदलता बदलता येतो. गोल कडच हवी आणि दोनपेक्षा जास्त काऊंटर असतील तर हीटरवर खर्च करणं परवडतं. एक सूचना ग्राहकाला लेखी द्या: चहाची गरम किटली किंवा इस्त्री काऊंटरवर थेट ठेवायची नाही, विशेषतः पुढच्या कडेजवळ. शीट थोडा वेळ सोसते, पण खालचा कॉन्टॅक्ट अॅडेसिव्ह मऊ होतो आणि वळलेली शीट सरळ होऊ पाहते.